दहा मिनिटे पुढे

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या दुकानातले घड्याळ दहा मिनिटे पुढे असते. दुकान म्हणजे मोटार वाइंडिंगचे. कृष्णाकाठच्या आमच्या गावात एस.टी.च्या थांब्यासमोर पत्र्याची एक खोली आहे. तिथे माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गेली बावीस वर्षे शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देतात. मोटार उघडायची, जळकी तार ओढून काढायची, खाचांत नवा कागद घालायचा, मोजून फेरे टाकायचे, वरून वॉर्निश द्यायचे. फेऱ्यांचा हिशेब चुकला तर मोटार पुन्हा जळते. इतके मोजूनमापून काम करणाऱ्या माणसाला भिंतीवरचे एक घड्याळ नीट लावता येऊ नये, याचे मला नवल वाटे. अकरावीला तालुक्याला जाऊ लागले तेव्हा मी दोनदा स्टुलावर चढून ते बरोबर लावले. आठवड्याभरात ते पुन्हा दहा मिनिटे पुढे! शेवटी घड्याळच नाठाळ आहे, अशी मनाची समजूत घालून मी तो नाद सोडला.

खरे सांगायचे तर नवलापेक्षा लाजच अधिक वाटे. अण्णांचे शिक्षण सातवीपर्यंत, आईचे दुसरीपर्यंत. आमच्या भावकीत कॉलेजच्या हजेरीपटावर नाव लागलेली मी पहिलीच. प्रथम वर्षाच्या प्रवेश अर्जात 'पालकांचा व्यवसाय' असा एक रकाना होता. तिथे 'मोटार वाइंडिंग' असे लिहायला माझा हात धजला नाही. मी 'व्यापार' असे लिहिले. सही करताना अण्णांनी ते वाचले असणारच. ते काही बोलले नाहीत. सहीशेजारी वॉर्निशचा एक लहानसा डाग मात्र पडला.

या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी प्रमाणवेळेची हकीकत सांगितली. १ जानेवारी १९०६ पासून इंग्रज सरकारने साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच वेळ ठरवली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे नव्या वेळेप्रमाणे गिरणीचा भोंगा सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधीच होणार. त्याच महिन्यात मुंबईच्या गिरणीकामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम थांबवले, गिरणीवर दगडफेक केली. मुंबईच्या नगरपालिकेनेही पुढे कित्येक वर्षे जुनीच वेळ धरून ठेवली. तास संपल्यावर मी सरांना विचारले, "सर, मग आज आपली वेळ कोण ठरवते?"

सर हसले. "प्रश्न तुमचा आहे. उत्तरही तुम्हीच शोधा."

मोबाईलवर वेळ दिसते, हे काही मला ठाऊक नव्हते असे नाही. पण मोबाईलला ती कोण सांगते? आमच्या घरी तर वेळ नेहमी दुसऱ्यांकडूनच आलेली. मुक्कामी गाडी सुटली की आई चूल पेटवणार, दूधवाला आला की आजी उठणार, शेतीची लाईट आली की अख्खे गाव मोटारी चालू करायला धावणार. या सगळ्यांच्या मागे कुठेतरी एक मूळ घड्याळ असले पाहिजे, असे मला वाटू लागले.

शोधल्यावर कळले, की आपल्या देशाची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. तिथल्या घड्याळांना लंबक नाही. ती सीझियम नावाच्या धातूच्या अणूंवर चालतात. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच अशी आहे, की सीझियमच्या अणूशी निगडित असलेल्या एका विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद. हा आकडा वाचला आणि मला पहिल्यांदा कोण आठवले असेल, तर फेरे मोजणारे अण्णा.

आणखी एक गोष्ट कळली आणि तिने मला झोपू दिले नाही. काही देश आपली वेळ दीर्घलहरींवरून रात्रंदिवस आकाशात सोडत असतात. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ माइनफ्लिंगेन येथे १९५९ पासून असे केंद्र आहे, ७७.५ किलोहर्ट्झवर. इंग्लंडचे केंद्र ६० किलोहर्ट्झवर. ते २००७ पर्यंत रग्बी येथे होते, नंतर अँथॉर्नला गेले. जपानात अशी दोन केंद्रे आहेत. त्यांतले एक फुकुशिमा प्रांतातल्या डोंगरावर आहे. मार्च २०११ मध्ये तिथल्या अणुवीज केंद्राची दुर्घटना झाली, भोवतालचा मुलूख मोकळा करावा लागला आणि त्या केंद्राचा आवाज काही आठवडे बंद पडला. चीनचे केंद्र हेनान प्रांतात शांगच्यू येथे आहे, ६८.५ किलोहर्ट्झवर. तिथला संदेश दर सेकंदाच्या आरंभी क्षणभर क्षीण होतो. हा क्षण कधी सेकंदाचा एक दशांश असतो, कधी दोन, तीन किंवा चार दशांश. आणि या लहानमोठ्या क्षणांच्या लिपीत दर वीस सेकंदांनी पूर्ण वेळ लिहिली जाते. घरातली घड्याळे ती वाचतात आणि आपले काटे आपणच दुरुस्त करतात.

आपल्या देशात दीर्घलहरींवर वेळ सांगणारे केंद्र नाही. पण शांगच्यू आमच्या गावापासून सुमारे साडेचार हजार किलोमीटरवर. या लहरी हिवाळ्याच्या रात्री फार दूर जातात, असे वाचले. मनात आले, आपल्याला ऐकू येईल का?

आता हे वाचून कुणी म्हणेल, कला शाखेच्या मुलीला हा उपद्व्याप कशासाठी? मलाही मैत्रिणींनी हेच विचारले. विज्ञान शाखा मला हवी होती. पण प्रात्यक्षिके संध्याकाळपर्यंत चालतात आणि आमच्या गावची शेवटची गाडी साडेपाचला सुटते. माझी शाखा एस.टी.च्या वेळापत्रकाने ठरवली. त्यामुळे वेळ कोण ठरवते, हा प्रश्न माझ्या दृष्टीने नुसता पुस्तकी नव्हता.

६८.५ किलोहर्ट्झची एक लहर जवळजवळ ४.४ किलोमीटर लांब असते. तिच्या मापाची तार उभारायची तर गावाची वेस ओलांडावी लागेल. म्हणून चौकटीवर तारेचे पुष्कळ फेरे घालून वेटोळे करतात. लहरीबरोबर आलेले चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्याच्या पोटात बदलत राहते आणि त्यामुळे तारेत किंचित वीज उत्पन्न होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेला हा नियम. अण्णांच्या मोटारी त्याच शास्त्रावर फिरतात. पण ही गोष्ट त्यांच्याशी बोलायचे मला सुचले नाही. ज्ञान कॉलेजात असते आणि दुकानात नुसते काम असते, अशी माझी तेव्हा कल्पना होती.

दिवाळीनंतर मी लपूनछपून कामाला लागले. सुताराकडून दोन पट्ट्या आणल्या, फुलीसारख्या जोडल्या आणि टोकांना खाचा पाडल्या. चौकटीची बाजू साठ सेंटिमीटर. आजी म्हणाली, "दिवाळी झाल्यावर कंदील कशाला गं?" तार मात्र विकत घ्यायला पैसे नव्हते. दुकानामागे भंगारात घालायच्या जळक्या तारेचा ढीग होता. त्यातली सुटी केली, जोडली आणि पन्नास फेरे घातले. माळ्यावरच्या आजोबांच्या मोडक्या रेडिओतून सूर जुळवायचा गँग काढला. गावात भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण करणारा एक मुलगा आहे. त्याच्याकडे सेकंदाला १,९२,००० नमुने टिपणारी एक डबी आहे. एखाद्या लहरीची आंदोलने टिपायची तर त्यांच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात; ६८,५०० ची दुप्पट १,३७,०००, म्हणजे ती पुरेशी होती. भूगोलाच्या सरांनी विभागातला जुना लॅपटॉप दिला. सगळे जोडले आणि रात्री बसले. पडद्यावर नुसते धुके. गँग कितीही फिरवा, काही फरक नाही. अशा तीन रात्री गेल्या.

चौथ्या रात्री अण्णा मागे येऊन उभे राहिले. मला वाटले, आता रागावणार. त्यांनी चौकट उचलली, डोळे मिटले आणि तारेवरून नुसती बोटे फिरवली.

"ही तार ढिगातली न्हवं?"

मी मान हलवली.

"जळक्या तारंचं इनॅमल गेलेलं असतंय. फेऱ्याला फेरा चिकटला की सगळी कॉईल शॉर्ट. पन्नास फेरं घातलंस, पर खरा एकबी न्हाय." आणि मग जरा थांबून म्हणाले, "मला का न्हाय विचारलंस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर प्रवेश अर्जाच्या त्या रकान्यात होते.

मी त्यांना सारे सांगितले. चीन, शांगच्यू, सेकंद, सगळे. अण्णांनी एकच विचारले, "किती फेरं, किती गेज?" मग नव्या रिळावरून २६ नंबरची तार काढली. पन्नास फेऱ्यांना एकशेवीस मीटर तार, वजनाने पावणेदोनशे ग्रॅम. मी चौकट धरली, त्यांनी तार ओढली. तार ना सैल, ना ताणलेली. दर दहा फेऱ्यांना पट्टीवर खडूची एक रेघ. मी मध्ये बोलले की ते नुसता हात वर करीत. मोजताना बोलायचे नसते. त्या तासाभरात आम्ही दोघे मिळून जेवढे गप्प बसलो, तेवढे जवळ आम्ही कित्येक वर्षांत आलो नव्हतो. मोठ्या वेटोळ्याशेजारी चार फेऱ्यांचे एक लहान वेटोळे घातले. त्याची वायर डबीत गेली. गँगला जोड म्हणून १००० पिकोफॅरडचा एक कंडेन्सर लावला. गँग फिरवला आणि या वेळी धुक्यात एका ठिकाणी उजेड पडला. सूर जुळत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६८.५ च्या खुणेवर एक रेघ दिसली! मी रात्रभर नाचायचीच बाकी राहिले. सकाळी कॉलेजात सरांना सांगितले, वर्गात सांगितले. मैत्रिणींनी माझे नाव 'मार्कोनीबाई' ठेवले. संध्याकाळी मोठ्या ऐटीत अण्णांना रेघ दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले.

"ही डुलतीया."

खरेच, रेघ किंचित डावीउजवीकडे सरकत होती.

"आगं, सरकारी घड्याळ असं झिंगल्यावानी डुलंल व्हय? फॉल्ट शोधायचा तर येकेक कनेक्शन सोडवायचं आसतं. लाईट बंद कर बघू."

मी दुकानातली एलईडी ट्यूब बंद केली. रेघ गेली. चालू केली, रेघ आली. शांगच्यू आमच्या डोक्यावर, छताला टांगलेले होते!

त्या रात्री मी रडले. पण सकाळी उठून सरांना खरे ते सांगितले. 'मार्कोनीबाई'चा अर्थ वर्गात एका दिवसात बदलला. सर मात्र म्हणाले, "पुरावा तपासून स्वतःचेच विधान मागे घेणे, हे इतिहासकाराचे पहिले काम. ते तुम्ही केलेत." मनात म्हटले, ते मी केले नाही. ते सातवी शिकलेल्या माणसाने केले.

मग आम्ही दोघांनी पुरावा कोणता धरायचा ते ठरवले. शांगच्यूचे केंद्र रोज तीन तास बंद असते, त्यांच्या पहाटे पाचपासून आठपर्यंत. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. म्हणजे आपल्या रात्री अडीच वाजता. ट्यूब अडीचला आपणहून विझत नाही. जी रेघ रोज बरोबर अडीचला नाहीशी होईल, तीच खरी.

जानेवारी उजाडला. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. अशा आठवड्यात अण्णा उशिरापर्यंत दुकानात बसतात, कारण मध्यरात्रीही कुणीतरी जळालेली मोटार बैलगाडीत घालून घेऊन येतो. मी चौकट घेऊन शेजारी बसले. या चौकटीचा एक गुण असा, की तिची कड ज्या दिशेला, तिकडचे तिला नीट ऐकू येते. तिचे तोंड ज्या दिशेला, तिकडचे ती ऐकतच नाही. शांगच्यू आमच्या ईशान्येला. कड तिकडे केली. दुकानातले दिवे आम्ही बंद केलेच होते, पण साऱ्या गावाचे चार्जर आणि दिवे मिळून पडद्यावर धुके ओतत होते.

दीडच्या सुमारास कुठेतरी फॉल्ट झाला आणि अख्ख्या गावाची लाईट गेली. एरवी लाईट गेली की आम्ही सगळे हळहळतो. त्या रात्री लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, आणि पडद्यावरचे धुके एखाद्याने चादर ओढून घ्यावी तसे गेले. काळ्या पडद्यावर ६८.५ च्या खुणेवर एक रेघ होती. अगदी बारीक. केसासारखी. डुलत नव्हती.

अण्णा काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मोजताना बोलायचे नसते. दोन वाजले. सव्वादोन. बाहेर कुत्री भुंकत होती, नदीकडून गार वारा येत होता. साडेचार हजार किलोमीटरवरून, हिमालय ओलांडून, आमच्या पत्र्याच्या खोलीत कुणीतरी सेकंद मोजत होते, आणि ते अण्णांच्या तारेत उतरत होते. मोबाईलवर दोन एकोणतीसचे दोन तीस झाले.

रेघ थांबली. जणू सुरीने कापली.

अण्णांनी विजेरी भिंतीकडे वळवली. आमच्या घड्याळात दोन चाळीस झाले होते.

मी हसले. "अण्णा, तुमचं घड्याळ बघा. बरोबर दहा मिनिटं पुढं."

"हाय की," अण्णा म्हणाले. "मीच ठेवतुया."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तू अकरावीला जायला लागलीस, तवा पयल्याच आठवड्यात तुझी गाडी चुकली. रडत दुकानात आलीस. त्याच रात्री काटा पुढं केला. तू दोनदा मागं केलास, मी दोनदा पुढं केला."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं आसतं तर दहा मिनिटं वजा करून निवांत आली आसतीस."

मला एकदम १९०६ सालचे ते घड्याळ आठवले. तेव्हाही काटे पुढे सरकवले होते आणि ज्यांच्यासाठी सरकवले त्यांना विचारले नव्हते. पण ते भोंग्यासाठी होते. हे माझ्यासाठी होते. एवढ्या दिवसांत मी विचारत होते, की वेळ कोण ठरवते. दिल्लीचे उत्तर मला मिळाले होते, चीनचेही मिळाले होते. आमच्या घरातले उत्तर भिंतीवर तीन वर्षे टांगलेले होते, आणि मी त्याला नाठाळ म्हणत होते.

अण्णांच्या शिस्तीत एकदा झाले म्हणजे झाले, असे नसते. पुढच्या दोन रात्री आम्ही पुन्हा बसलो. लाईट गेली नाही. तेव्हा चौकट थोडी थोडी फिरवत, सगळ्यात मोठा गोंगाट करणाऱ्या घराकडे तिचे तोंड येईल अशी ठेवली. रेघ अंधुक दिसली, पण दोन्ही रात्री अडीचलाच थांबली. सरांना तीनही रात्रींची टिपणे दाखवली. त्यांनी वर्गात ती वाचायला लावली. खाली मी दोन नावे लिहिली होती. एक माझे आणि एक अण्णांचे.

चौकट आता दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. मोटार टाकायला आलेले लोक विचारतात, "हे काय वो?" अण्णा म्हणतात, "चीनचं घड्याळ ऐकायची एरियल. पोरीनं केलीया." मी असले तर म्हणते, "दोघांनी केली."

जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरायचा आहे. त्या रकान्यात काय लिहायचे ते ठरले आहे. वॉर्निशचा डाग पडला तरी चालेल.

घड्याळ बरोबर लावू का, असे मी अण्णांना विचारून पाहिले. ते म्हणाले, "वेळ बरोबर आसून काय करायची? गाडी गावली पायजे." तेव्हा ते आहे तसेच आहे, दहा मिनिटे पुढे. सारे ठाऊक असूनही रोज सकाळी मी त्याच्याकडे बघते आणि पळत सुटते.